दीड हात बांध

आमच्या बांधावरचा खटला माझ्याहून चार वर्षांनी मोठा होता. घरात त्याला नुसतं 'केस' म्हणत, आणि थोरल्या मुलाला मिळावा तसा मान तिला होता. दिवाळीला आधी केसचं बघायचं, मग आमच्या कपड्यांचं. गाय आटली तर कुणी फार बोलत नसे, पण तारीख पुढे गेली की दादा, म्हणजे माझे वडील, दोन दिवस आमटीत मीठ कमी आहे म्हणत. बांधाची रुंदी दीड हात. त्याच्यावर कुसळी गवत, सराटे आणि एक वारूळ होतं, बाकी काही उगवत नव्हतं. पुढे मी भूमी अभिलेख खात्यात नोकरीला लागले आणि जन्मभर लोकांचे बांध नकाशावर पाहिले. त्या अनुभवावरून सांगते, आमच्या बांधात खास असं काहीही नव्हतं. तसे बांध चांदवडपासून येवल्यापर्यंत गावागावाला होते, आणि प्रत्येकाला वाटायचं की आपला बांध म्हणजे कुरुक्षेत्र.

याचं मूळ आमच्या आजोबांत होतं. मरायच्या आधी त्यांनी दोन्ही मुलांना रानात नेलं, बोरीच्या झाडापासून एका मोठ्या धोंड्यापर्यंत काठीनं हवेत रेघ मारली आणि म्हणाले, "हिकडचं थोरल्याचं, तिकडचं धाकल्याचं." कागद केला नाही. भावाभावांत कागद कशाला, असं त्यांचं मत. कागद फक्त आमच्या दोन आत्यांचा केला. एकेका साडीवर आणि पुरणपोळीच्या जेवणावर त्यांच्याकडून हक्क सोडून घेतला. बहिणींच्या बाबतीत म्हातारा कायद्याला एकदम पक्का होता. पुढे एका थंडीत ती बोर कुणीतरी जाळणाला तोडली आणि धोंडा जागचा हलला. बोर दादांनी तोडली असं माझे चुलते आप्पा म्हणत. धोंडा आप्पांनी हलवला असं दादा म्हणत. आज या वयात नीट विचार करून सांगते, दोघंही खरं बोलत होते.

विहीर नेमकी बांधाच्या टोकाशी होती, बांधलेली, पाण्यानं भरलेली. कोर्टानं केसचा निकाल लागेपर्यंत 'जैसे थे' असा हुकूम दिला होता. म्हणजे बांधाला हात लावायचा नाही, विहिरीवर इंजिन बसवायचं नाही, घागरीनं प्यायला न्यायचं तेवढं न्यायचं. त्यामुळे त्या पाण्यात कासवं आणि पारवे राजेशाही थाटात राहत आणि आम्ही दोन्ही घरं पावसावर बाजरी पेरून आभाळाकडे बघत बसायचो. बाजरी निघाली की आई आणि मोठीआई, म्हणजे आप्पांची बायको, बायकांच्या टोळीत सामील होऊन टेम्पोनं पिंपळगावकडे जात, बागाईतदारांच्या शेतात कांदे लावायला. आमच्याकडे जमीन होती, पाणी होतं, हातही होते. तरी आमच्या बाया दुसऱ्याच्या रानात वाकलेल्या. परवा आमच्या कॉलनीतल्या वाचनालयात एका तरुण प्राध्यापकाचं व्याख्यान झालं, शेतकरी गरीब का राहतो यावर. पडद्यावर चौकोन होते आणि चौकोनांतून बाण निघत होते. पाऊस, बाजारभाव, सरकार, शिक्षण, सगळं होतं, आणि सगळं खरंही होतं. मी हात वर करून विचारलं, "बांध यातल्या कुठल्या चौकोनात येतो?" ते प्रेमानं म्हणाले, "काकू, ते फारच सूक्ष्म पातळीवर झालं." दीड हात म्हणजे सूक्ष्मच म्हणायचं.

घराचीही तशीच वाटणी झालेली होती. दोघा भावांनी मधोमध भिंत घातली, पण विटा पुरल्या नाहीत, म्हणून ती पुरुषभर उंचीवर थांबली आणि वरचं छप्पर एकच राहिलं. मोठीआईनं मिरच्या भाजल्या की खोकला आमच्याकडे. आमच्याकडे शेंगोळे शिजत असले की पलीकडून माझी चुलतबहीण शोभा भिंतीवरून ओरडे, "मंदे, लसूण जास्त घाल म्हणावं काकूला!" पुरुषांना वाटे की दोन्ही घरांत बोलणं बंद आहे. ते घराबाहेर पडले रे पडले की भिंतीवरून वाट्या सुरू होत. उडदाचं घुटं इकडून तिकडे, ठेचा तिकडून इकडे. दादा मिटक्या मारत ठेचा खायचे आणि आईला म्हणायचे, "त्या घरात असा ठेचा जन्मात व्हायचा नाय." आई मान खाली घालून भाकरी थापत राही. माझ्या आईइतकं सरळ चेहऱ्यानं खोटं न बोलता खोटं बोलणारं माणूस मी नंतर पाहिलं नाही.

तारखेचा दिवस मात्र बघण्यासारखा असे. दादा खळ दिलेली टोपी घालून सकाळीच निघत. पाच मिनिटांनी आप्पा निघत. फाट्यावर दोघं वीस पावलांचं अंतर ठेवून उभे राहत. पण एसटीत चढले की शेजारी शेजारी बसत, कारण एवढ्या बसमध्ये केस समजणारं दुसरं होतंच कोण? कोर्टाच्या आवारात चिंचेखाली दोघं एकाच फडक्यातली भाकरी खात आणि दोघांचे वकील समोरच्या टपरीवर एकत्र चहा पीत. हे आम्हाला गावातल्या एका कंडक्टरानं सांगितलं होतं. परत येताना फाट्यावर उतरलं की पुन्हा वीस पावलं. मला तेव्हा हसू यायचं. आता वाटतं, दादांना ती तारीख हवीच असायची. रोज दुसऱ्याच्या शेतात गडी म्हणून राबणाऱ्या माणसाला कोर्टात नाव पुकारून बोलावत होते. तिथं ते 'वादी' होते. घरी तसं काय होते?

मी आणि शोभा दहावीला होतो त्या थंडीतली गोष्ट. कांदा लागवडीचे दिवस होते. एका बागाईतदाराकडे लावणी संपली आणि रोप उरलं. चांगलं टिचभर वाढलेलं, हिरवंगार, जुड्या बांधलेलं. मालकीण म्हणाली, "न्या गं कुणी, नायतर शेळ्यांपुढं टाकते." टोळीतल्या बाया हसल्या. त्यांतल्या बहुतेकींना जमीनच नव्हती. आई आणि मोठीआईनं एकमेकींकडे पाहिलं आणि जुड्या गोणपाटात भरल्या. ते रोप मांडीवर घेऊन टेम्पोत बसलेल्या त्या दोघी मला अजून दिसतात. कांद्याचं रोप उपटलं की दोन दिवसांत जमिनीत जायला लागतं, नाहीतर पिवळं पडतं. आणि दुसऱ्याच दिवशी नेमकी तारीख होती.

दिवेलागणीला पुरुष पारावर गेल्यावर मोठीआई भिंतीला वळसा घालून सरळ आमच्या दारातून आत आली. असं ती कधी येत नसे. आईला म्हणाली, "सुमन, रोप तर आणलं. पाणी?"

"पाणी हाय की हिरीत."

"आन् बंदी?"

आईनं चिमणी पुढे ओढली. मग मला म्हणाली, "मंदे, तो कागद काढ."

हुकमाची नक्कल पत्र्याच्या ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत असायची. दसऱ्याला दादा अवजारांबरोबर तिचीही पूजा करत, त्यामुळे पहिल्या पानावर हळदीकुंकू सांडलेलं होतं आणि न्यायाधीशांच्या सहीवर झेंडूची पाकळी चिकटली होती. मी चिमणीच्या उजेडात वाचायला लागले. वादी यांनी आणि प्रतिवादी यांनी अमुक करू नये, तमुक करू नये. अर्धं मला समजत नव्हतं, पण मी आवाज मोठा ठेवला.

"त्यात माझं नाव हाय का?" आईनं विचारलं.

"नाही."

"बाईंचं?" मोठीआईला ती बाई म्हणे.

"नाही."

"सातबाऱ्यावर हाय का आमचं नाव?"

"तिथंही नाही."

मोठीआई म्हणाली, "म्हंजी आपल्याला कुणी काय बोललंच नाय की." आणि ती जी हसायला लागली ती पदर तोंडात कोंबूनही थांबेना. कायद्याच्या दृष्टीनं हा युक्तिवाद लंगडा होता, हे मला नोकरीत गेल्यावर कळलं. घरच्या माणसांकडून मोडलेला हुकूम हाही मोडलेलाच असतो. पण त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात वरचं कोर्ट नव्हतं.

सकाळी दोन्ही टोप्या फाट्याकडे गेल्या आणि आमचं काम सुरू झालं. गावात रामभाऊ नावाचे एक गृहस्थ डिझेल इंजिन भाड्यानं देत. ते आधी नाहीच म्हणाले. "वहिनी, कोर्टाची बंदी हाय. मला बेड्या पडतील." मोठीआई म्हणाली, "तुमचं नाव तरी हाय का कागदावर? उगं मोठेपणा कशाला घेता?" इंजिन आलं. टोळीतल्या सहा-सात बाया एका दिवसाच्या सावडीवर आल्या; म्हणजे आज त्या आमच्याकडे, पुढे कधीतरी आम्ही त्यांच्याकडे. पाणी दोन्ही बाजूंना खेळवायचं तर बांध आडवा येत होता. पहिली कुदळ मोठीआईनं मारली. वारुळाला आईनं आधी हात जोडले आणि त्याला वळसा घातला. नागोबाशी आमचं भांडण नव्हतं. बाकीचा बांध मात्र दगडासारखा झालेला. तेव्हा आईनं आप्पांचे बैल सोडून आणले आणि स्वतः नांगर धरला. बाईनं नांगर धरला तर पाऊस पडत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. एक म्हातारी वाटेवरून तसं ओरडलीही. आई म्हणाली, "तो तसाबी कुठं पडतोय, आज्जे?"

दुपारपर्यंत बांध नाहीसा झाला. मला वाटलं होतं काहीतरी होईल, जमीन हादरेल, निदान कुणी बेशुद्ध पडेल. काहीच झालं नाही. माती सगळीकडे सारखीच निघाली. मग वाफे पाडले, पाणी सोडलं, आणि आम्ही ओळीनं रोप टोचत चाललो. गार पाण्यात बोटं बधिर झाली होती. शोभा माझ्या शेजारी होती. ती माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं लावत होती आणि वर भूगोलातली उत्तरं पाठ म्हणत होती.

ऊन कलताना दादा आले. सवयीप्रमाणे ते बांधाच्या वाटेनं निघाले आणि वाटच सापडेना. वहाणा चिखलात रुतल्या. ते इकडे बघतायत, तिकडे बघतायत, तेवढ्यात वीस पावलांवरून आप्पा आले. दोघं घोट्याएवढ्या पाण्यात उभे.

"बांध कुठं हाय?" दादांनी विचारलं.

"कोणता?" आई म्हणाली.

आप्पांचा आवाज चढला. "हे कोर्टाचं काम हाय! उद्या पोलीस येतील! मी अर्ज करणार!"

आई थोरल्या दिरासमोर कधी बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेत ती म्हणाली, "करा की भाऊजी. लिहा, माझ्या बायकूनं बांध मोडला. हे बी लिहितील, माझ्या बायकूनं मोडला. मंदी दोन्ही अर्ज लिहून देईल, अक्षर चांगलं हाय तिचं."

कुणी हसलं नाही. दादांचा चेहरा मी विसरलेले नाही. राग होता, पण त्याच्या मागे घाबरलेपण होतं, जत्रेत हात सुटलेल्या माणसासारखं. ते वाकले आणि बांध असायचा तिथला चिखल हातानं चाचपून पाहू लागले. आप्पा चार हात लांब तेच करत होते. दोघांना दोन वेगळ्या जागा आठवत होत्या.

त्या रात्रीपासून दोन्ही भावांनी घरचं अन्न टाकलं आणि मारुतीच्या देवळात मुक्काम हलवला. अठरा-वीस वर्षांत न जमलेली एकी बायकांविरुद्ध एका संध्याकाळात झाली. गावानं मजा लुटली. लोक दर्शनाच्या निमित्तानं यायचे आणि मारुतीकडे पाठ करून या दोघांना बघायचे. फाट्यावरच्या हॉटेलातल्या भज्यांवर त्यांनी चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी दोघांचंही पोट बिघडलं. पण ते घरी आले नाहीत. आणले ते कांद्यानं.

दुसरं पाणी द्यायचं होतं आणि इंजिन हवा घेत होतं. चालू व्हायचं, फडफडायचं, पाणी न ओढता बंद पडायचं. रामभाऊ मनमाडला लेकीकडे गेलेले. आई आणि मोठीआई आळीपाळीनं हँडल मारून घामाघूम झाल्या. रोपं माना टाकायला लागली होती. शेवटी आई नुसती विहिरीच्या काठावर बसली. देऊळ टेकाडावर आहे. तिथून आमचं रान स्वच्छ दिसतं.

आधी दादा उतरले. कुणाशी न बोलता त्यांनी गोठ्यातून शेणाचा गोळा आणला आणि पाइपाच्या सांध्याला लिंपायला बसले. हवा तिथूनच शिरत होती. ते इंजिन एकट्यानं चालू होत नसे. एकानं हँडल मारायचं आणि वेग आला की दुसऱ्यानं वरचा लिव्हर पाडायचा. मी पुढे होणार तेवढ्यात मागून आप्पा आले आणि लिव्हरपाशी उभे राहिले. दादांनी हँडल फिरवलं.

"पाड," दादा म्हणाले.

"थांब. आजून मार."

"पाड की!"

"थांब म्हनलं ना!"

इंजिन लागलं. आमच्या रानात दोघा भावांचं कित्येक वर्षांतलं ते पहिलं बोलणं, आणि तेही भांडणच. पण पाणी पाटात पडलं आणि दोघं दोन्हीकडचे वाफे फोडत पुढे गेले. संध्याकाळी दादा घरी जेवले. आमटीत मीठ बरोबर आहे म्हणाले, ते काही खरं नव्हतं. त्या दिवशी आई मीठ घालायला विसरली होती.

केस कुणी मागे घेतली नाही. पहिली सही कुणी करायची यावर पुन्हा अडलं असतं. दोघं नुसते तारखेला जायचे थांबले, आणि दोन्ही बाजू गैरहजर म्हणून ती आपोआप निकालात निघाली. वकिलानं तसं पोस्टकार्ड पाठवलं, ते दादांनी दोनदा वाचलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. कांदा मात्र झकास आला. भाव तसा आला नाही. साठवायला कांदाचाळ असती तर चार महिने थांबता आलं असतं. नव्हती, म्हणून सगळ्या जिल्ह्याबरोबर आमचाही ट्रॅक्टर एकाच आठवड्यात बाजारात उभा राहिला. तरीही आजवर त्या रानानं जेवढं दिलं नव्हतं तेवढं दिलं. हिशोबाची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, अर्थातच दादांच्या आणि आप्पांच्या नावानं फाटली. आई आणि मोठीआईचं नाव याही कागदावर नव्हतं.

इथं गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला छान वाटेल असं काहीतरी सांगितलं असतं. पण आप्पांना आता केस नव्हती आणि इज्जत तर कुठंतरी लावायला हवी होती. त्यांनी वैशाखात शोभाचं लग्न काढलं. मांडव, बँड, पाच गावांना जेवण, बुंदी परातींनी. आमच्या विहिरीचं पाणी कोर्टातून सुटलं ते थेट पंगतीत जाऊन वाढलं गेलं. मोठीआईनं विरोध केला, तर सगळी भावकी तिला समजवायला आली. ज्या बाईनं दिवसाढवळ्या बांध फोडला, ती लेकीच्या लग्नापुढे हरली. हळदीच्या दिवशी शोभा मला म्हणाली, "निकाल लागला की कळव गं." मी कळवला. तिला माझ्याहून तेहतीस मार्क जास्त होते. ती तेव्हा येवल्याकडे, सासरच्या गोठ्यात होती. अजूनही फोनवर म्हणते, "तुझं नाक नकटं म्हणून तुला स्थळ आलं नाही, म्हणून तू शिकलीस. माझ्या नाकानं माझा घात केला." आम्ही दोघी हसतो. मग ती फोन ठेवते आणि मी बराच वेळ काही करत नाही.

जूनमध्ये आई मला घेऊन नाशिकला आली, अकरावीच्या प्रवेशाला. दादा आले नाहीत, पण अडवलंही नाही. खिडकीपलीकडचे कारकून माझा अर्ज भरत होते.

"वडील काय करतात?"

"शेती," मी म्हणाले. त्यांनी लिहिलं. पुढे आईच्या रकान्यात न विचारताच 'घरकाम' लिहिलं.

"काय लिवलं त्यांनी?" आईनं मला विचारलं. मी सांगितलं. ती खिडकीला तोंड लावून म्हणाली, "भाऊ, ते खोडा."

"काय खोडू?"

"घरकाम. शेती लिवा."

"बाई, जमीन कुणाच्या नावावर आहे?"

"नावावर त्यांच्या हाय. करती मी."

मागे रांग होती. कुणीतरी म्हणालं, अहो चला, आटपा. कारकुनांनी चष्म्यावरून आईकडे पाहिलं. ती हलायला तयार नव्हती. तिनं खिडकीचा गज असा धरला होता की सोडवायला दोन माणसं लागली असती. शेवटी त्यांनी एक रेघ ओढली, वर बारीक अक्षरात 'शेती' लिहिलं आणि खोडलेल्या जागी आपली सही केली.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, भूक लागली. आम्ही एका हॉटेलात शिरलो. आई आयुष्यात पहिल्यांदाच हॉटेलात बाकावर बसून खात होती. तिनं मिसळ मागवली, पहिला घास घेतला आणि आचाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिखट कुठं हाय ह्यात?" रस्सा दोनदा मागून घेतला, बशी पुसून खाल्ली, आणि कांदा आणखी मागितला. वाढपी कुरकुरला. "मावशी, कांदा महाग झालाय."

"महाग झाला?" आई म्हणाली. "कधी?"